फोन उचलणारं माणूस

ट्रंक बोर्डावर बसणाऱ्या बाईला गावातली घरं ओळखू येतात ती फोन कोण उचलतं यावरून. दारावरची पाटी तिनं कधी पाहिलेली नसते. मी १९७४ साली साताऱ्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि २०१३ साली निवृत्त झाले. मधल्या काळात प्लगच्या दोऱ्या गेल्या, बोर्ड गेला, डाक-तार खात्याचं दूरसंचार खातं झालं आणि त्याचं पुढं बीएसएनएल झालं, पण घरं आवाजावरून ओळखायची सवय काही गेली नाही. राजपथावरच्या एका वकिलांकडे त्यांची म्हातारी आई फोन उचलायची आणि ‘हॅलो’ न म्हणता थेट ‘कोर्टात गेलाय’ असं सांगायची. मोती चौकातल्या एका दुकानात मालक जेवायला गेले की गडी उचलायचा आणि पुढचं काही विचारायच्या आत ‘शेट न्हाईत’ म्हणून ठेवून द्यायचा. एका डॉक्टरांच्या घरी शाळेतून आलेली मुलगी उचलायची. पेशंटचं नाव, गल्ली, ताप कधीपासून, सगळं नीट विचारून घ्यायची. पुढं ती स्वतःही डॉक्टर झाली.

लँडलाइन गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आठवतो तो काळा जड रिसीव्हर, बोट घालून फिरवायची चकती, वर घातलेलं क्रोशाचं कव्हर. त्या वस्तूवर माझंही प्रेम आहे, पण वस्तू बदलतात, त्याचं मला फार वाटत नाही. मला लिहायचंय ते फोन उचलणाऱ्या माणसाबद्दल. बाहेर न जाणारं, घरातच असणारं ते माणूस. घरातला फोन गेला तेव्हा त्याचं एक मोठं काम गेलं, आणि त्याची दखल कुणी घेतलेली मला दिसली नाही.

फोन मुळात घरासाठी आलाच नव्हता. ओरिएंटल टेलिफोन कंपनीला सरकारनं परवाना दिला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाल्याचं जाहीर झालं. कलकत्त्याच्या एक्स्चेंजवर तेव्हा ९३ ग्राहक होते. मुंबईची टेलिफोन सेवा साठ वर्षं कंपनीकडे होती, ती सरकारनं १९४३ साली ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात मिळून फोन होते ८० हजारांच्या आसपास. म्हणजे फोन होता तो कचेरीत, पेढीवर, कलेक्टरच्या बंगल्यात, इस्पितळात. सर्वसाधारण माणसाला तार माहीत होती, फोन नव्हता.

मी नोकरीला लागले तेव्हाही चित्र फार वेगळं नव्हतं. ज्यांच्याकडे फोन होता ते १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करत. बुकिंगची बाई तिकिटावर दोन्ही नंबर, वेळ आणि कॉलचा प्रकार लिही: ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याच्याही कितीतरी पट. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पीपी कॉल. मुंबईच्या लाइनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे तिकिटं साचत. लाइन मोकळी झाली की पलीकडच्या ऑपरेटरला नंबर द्यायचा, तिनं तिकडचा नंबर लावला की आपण इकडचा लावायचा, दोघं बोलायला लागली की घड्याळ सुरू करायचं. तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारायचं, ‘वाढवायचं का?’ बोलणं नीट ऐकू जातंय का हे बघायला आम्हाला अधूनमधून कान लावावाच लागे. त्यामुळे गावाची सुखदुःखं आमच्या कानावरूनच जात. ती कानातच ठेवायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

सातारा जिल्ह्याचं अर्धं मन मुंबईत. जावळी, पाटण भागातल्या घराघरातला एखादा तरी गडी मशीद बंदरला नाहीतर गिरणीत. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, ते अण्णासाहेबही पाटणचेच. या माणसांच्या खोलीवर फोन कुठला? ते जिथं ओझी उचलत त्या पेढीवर फोन असे. गावात कुणी अत्यवस्थ झालं की चुलता-भाऊ एसटीनं साताऱ्याला येई, सार्वजनिक फोनवरून कॉल बुक करी आणि तासन्‌तास बाकावर बसून राही. लाइन लागली तरी मुलगा समोर नसायचा, पेढीवरच्या मेहताजीला निरोप सांगायचा. ‘बाई, म्हातारी शिरीयस हाय एवढंच सांगा, गेली म्हणू नगा, न्हाईतर पोरगं वाटंत काय करंल.’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! दोन्हीकडे निरोप्याच असे. आणि तो निरोप पोचायचा. मेहताजी हमालाला हाताला धरून एसटीच्या भाड्याचे पैसे देऊन पाठवत, असंही मी लाइनवर ऐकलेलं आहे.

फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं. १९८१ च्या सुमाराला ६८ कोटींच्या देशात वीस-बावीस लाख फोन होते. त्याच काळात दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन संसदेत म्हणाले होते की फोन ही चैन आहे, हक्क नव्हे, आणि ज्याला सेवा पसंत नसेल त्यानं फोन परत करावा, रांगेत माणसं उभी आहेत. आम्ही बोर्डावरच्या बायकांनी ते पेपरात वाचलं तेव्हा कुणाला हसू आलं नाही. ज्यांना आपण रोज ‘लाइन नाही, थांबा’ म्हणतो त्यांच्या घरी काय चाललंय ते आम्हाला ठाऊक होतं. ते चैनीसाठी फोन करत नव्हते.

माझ्या सासऱ्यांना सगळी पेठ नाना म्हणायची. ते शाळामास्तर. त्यांनी फोनसाठी नोंदणी केली तेव्हा माझं लग्नही ठरलेलं नव्हतं. फोन आला १९८७ साली, तेव्हा माझी थोरली पाचवीत होती आणि नाना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आमचा वाडा शनिवार पेठेत. पुढं सोपा, मग माजघर, मागं चौक आणि चौकाभोवती भाडेकरूंच्या खोल्या. लाइनमननं वायर आत घेतली आणि विचारलं, ‘नाना, कुठं बसवायचा?’ सासूबाईंचं म्हणणं, माजघरात, देवाजवळ. नानांनी सोप्यातला दाराशेजारचा कोनाडा दाखवला. चपला न काढता, आमच्या घरात पाऊल न टाकता भाडेकरूंना फोन घेता यावा, एवढाच त्यामागचा विचार. त्या एका कोनाड्यानं पुढची वीस वर्षं आमच्या वाड्यात कोण कुठं बसणार, हे ठरवून टाकलं. फोनला हळदकुंकू वाहिलं, कंदी पेढे वाटले आणि नाना आपली आरामखुर्ची ओढून कोनाड्याशेजारी जे बसले ते बसलेच.

त्यांनी शंभर पानी वही घातली. पट्टीनं रेघा मारून चार रकाने केले: वेळ, कुणाचा, कुणासाठी, काय. त्या वह्या वाडा पडताना मी जपून ठेवल्या, आत्ताही समोर आहेत. त्यातल्या काही नोंदी नावं गाळून देते.

‘सकाळी ७.४०. डोंबिवलीहून जावई. मागच्या खोलीतल्या काकूंसाठी. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकूंना झोपेतून उठवून सांगितले.’

‘दुपारी १.१५. राँग नंबर. कालचेच गृहस्थ. डिरेक्टरीत बघून योग्य नंबर दिला.’

‘रात्री ११.१०. पुण्याहून. आमचे जुने हेडमास्तर गेले. उद्या ९ ला नेणार. कोपऱ्यावरच्या तिघा माजी विद्यार्थ्यांना कळवले.’

‘सायं. ६. मुलाचा आवाज. नाव सांगत नाही. पुन्हा आल्यास नाव विचारावे, रागावू नये.’

शेवटच्या नोंदीतलं ते ‘रागावू नये’ त्यांनी कुणासाठी लिहिलं? मला वाटतं, माझ्या नवऱ्यासाठी. वही सगळ्यांनी वाचायची असे.

आमचा नंबर आमच्यापेक्षा इतरांच्याच कागदांवर जास्त छापला गेला. भाडेकरूंच्या लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, शिंप्याच्या पावतीवर नंबर आणि पुढं कंसात पी.पी. शेजारचा फोन देताना ही दोन अक्षरं टाकली की फोन करणाऱ्याला कळायचं, माणूस बोलावून आणावा लागणार आहे. एसटीडी आल्यावर यातही एक शहाणपण आलं. नुसतं थांबून राहिलं तरी पलीकडच्याचा मीटर पळत असे. म्हणून नाना कधी ‘होल्ड करा’ म्हणायचे नाहीत. ‘ठेवा, बोलावून ठेवतो, पाच मिनिटांनी करा,’ असं म्हणून चौकाकडच्या खिडकीतून हाक मारत. पाच मिनिटांनी फोन वाजला की उचलायला ते माणूस पदराला हात पुसत उभं असे. त्या पाच मिनिटांत नाना त्याच्याशी काहीतरी अवांतर बोलत राहत, कारण कशाचा फोन असेल या भीतीनं ते गारठलेलं असे. हे बोलत राहणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

कोनाड्यावरच्या भिंतीवर त्यांनी कोडची यादी चिकटवली होती: मुंबई ०२२, कोल्हापूर ०२३१, सांगली ०२३३, वाई ०२१६७. पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० झाला तेव्हा आधीचा आकडा खोडून वर तारीख घातली. आमचा स्वतःचा नंबर चार आकड्यांचा पाच झाला, मग पुढं २ लागून सहा. प्रत्येक बदल नानांनी पोस्टकार्डानं पाहुण्यांना कळवला.

रिंगांचीही एक भाषा होती. समोरच्यानं फोन उचलेपर्यंत मीटर पडत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला न शिकवता माहीत होतं. माहेरवाशीण परत सासरी निघाली की सांगून जायची, ‘पोचले की दोन रिंगा देईन.’ त्या संध्याकाळी फोन वाजला की नाना हात वर करत आणि सगळे जागच्या जागी थांबत. एक, दोन, आणि बंद. वहीत नोंद: ‘दोन रिंगा. पोचली.’ तिसरी रिंग वाजली तरच धावपळ.

लाइट गेली तरी हा फोन चालायचा, कारण त्याला लागणारी वीज वायरीतूनच, एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून येई. भारनियमनाच्या वर्षांत अख्खी पेठ अंधारात असताना सोप्यातली घंटा वाजायची आणि नाना चाचपडत न जाता बरोबर उचलायचे. चकतीला कुलूप घालायची पद्धतही आमच्याकडे आली. पण ९ फिरवलं की लाइन नऊ वेळा तुटते नि जुळते, एवढंच तर ते यंत्र करतं. पोरांनी ते हेरलं आणि रिसीव्हर ठेवायची कळ त्या हिशेबानं दाबून नंबर लावायला शिकली. कुलूप निघालं.

एक गोष्ट इथं लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे लिखाण खोटं होईल. सोप्यातला फोन सुनांचा नव्हता. माझ्या आईचा फोन यायचा तेव्हा शेजारी नाना, दारात सासूबाई, पायरीवर कुणी भाडेकरू. ‘बरी आहेस ना?’ ‘हो, बरी आहे.’ यापलीकडे काय बोलणार? नाना मुद्दाम उठून बाहेर जात, पण ते उठून गेले हेही सगळ्यांना दिसायचं. बोर्डावर बसून मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरच्या बायकांचं तेच ‘बरी आहे’ ऐकत असे आणि त्यातली कुठली बरी नाही, ते मला आवाजावरून कळत असे. पण मला तिथं बोलायची मुभा नव्हती.

त्यावर पहिला उतारा आला तो एसटीडी बूथचा. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट स्थापन झालं. आपल्या हवेत, एअरकंडिशनरशिवाय, धुळीत चालेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज त्यांनी बनवलं आणि १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला ते बसलं. पुढं गावोगावी अशी एक्स्चेंज गेली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ उघडले. बूथ देताना अपंगांना, माजी सैनिकांना प्राधान्य होतं. सातारा हा फौजींचा जिल्हा, त्यामुळे आमच्याकडे कितीतरी बूथवर निवृत्त सुभेदार-हवालदार बसलेले असत. आमच्या कोपऱ्यावरचे हवालदार काचेच्या खोलीतला पंखा लावून देत आणि पाठ फिरवून बसत. रात्री अकरानंतर पाव दर लागे, तेव्हा तिथं रांग असायची. त्या रांगेत मी माझ्या पेठेतल्या सुना पाहिल्या. ‘दळण आणायला’ म्हणून दुपारीच येऊन जाणाऱ्याही होत्या. काचेचं दार ओढून घेतलं की आत त्या आईशी मनातलं बोलत. समोर लाल आकड्यांचा मीटर पळत असायचा, तरी रडून घेत. मीही तिथंच रडले आहे, माझी आई शेवटच्या आजारात असताना. घरातल्या फोननं बाईला जे दिलं नाही ते या काचेच्या खोलीनं दिलं, आणि पुढं मोबाइलनं कायमचं दिलं. सोप्यातल्या त्या ‘बरी आहे’कडे परत जा असं मी कुठल्याही सुनेला सांगणार नाही.

मोबाइल आला तो ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे आमच्या गावात त्याची फारशी चर्चा नव्हती. २००३ साली येणारा कॉल फुकट झाला आणि चित्रच पालटलं. माझ्या नवऱ्यानं घेतला, मग थोरलीनं, मग चौकातल्या भाडेकरूंनी एकेक करून. २००५-०६ च्या सुमाराला देशात लँडलाइनचे जोड पाच कोटींच्या घरात होते, तो त्यांचा कळस. २०२० पर्यंत ते दोन कोटींवर आले.

आकड्यांपेक्षा मला नानांच्या वह्या जास्त सांगतात. १९९५ ची वही चार महिन्यांत संपलेली आहे. २००२ ची वर्षभर पुरली. २००५ नंतर एका पानावर तीन-तीन आठवडे आहेत. नोंदी बदलतात त्याही बघण्यासारख्या. आधी ‘कुणासाठी’ या रकान्यात सगळ्या वाड्याची नावं, मग फक्त घरची, मग बहुतेक ठिकाणी ‘माझ्यासाठी’, आणि शेवटी कर्ज हवंय का विचारणाऱ्या कंपन्यांचे फोन. तेही त्यांनी इमानानं वेळेसकट लिहिलेत. शेवटच्या वहीत एका ठिकाणी आहे: ‘रात्री जेवताना कळले की नात पास झाली. दुपारीच मोबाइलवर आले होते.’ एवढंच. त्या दिवशी दुपारी घरात नाना होते आणि मी ड्यूटीवर होते. निकालाचा फोन माझ्या पर्समध्ये आला, मी पेढे घेऊन घरी आले, पण आधी फोन करून त्यांना सांगावं हे मला सुचलं नाही. पूर्वी ते मला एक्स्चेंजमध्ये फोन करून सांगत असत.

वीस वर्षं त्यांना पेठेतली प्रत्येक बातमी सर्वांआधी कळायची. कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली, कुणाची मुलगी परस्पर लग्न करून आली. ते ऐकून कुणाला, कधी आणि कसं सांगायचं, हे ठरवण्याचं काम त्यांचं होतं. निवृत्त मास्तरला, गुडघे गेलेल्या म्हातारीला, बाहेर नोकरी न करणाऱ्या सुनेला हे काम आपोआप मिळायचं, कारण ते घरात असायचे. फोन घराचा होता, म्हणून जे घरात असेल त्याचा त्यावर पहिला हक्क. मोबाइल माणसाच्या खिशात गेला आणि बातमीही घराबाहेर असणाऱ्या माणसाकडे गेली. घरात बसलेल्याला आता ती सर्वांत शेवटी मिळते, तीही मिळाली तर.

नाना २००८ साली गेले. फोन पुढं काही वर्षं होता. वाडा पाडून इमारत उभी राहिली तेव्हा आम्ही नवीन जोड घेतला नाही. साताऱ्यात, पुण्यात, मुंबईच्या चाळींत असे किती फोन वाड्यांबरोबर गेले, याचा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटत नाही. मी निवृत्त झाले त्याच २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडली. त्यांत माझ्यानंतरचे सगळे आले. कुठल्या खांबावरच्या पेटीतली कुठली जोडी कुठल्या घरात जाते, हे नकाशा न बघता सांगणारे लाइनमन होते ते. दिवाळीला पोस्त मागायला यायचे तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांची नावानिशी चौकशी करायचे.

अलीकडं लँडलाइन पुन्हा वाढतेय असं सरकारी आकड्यांत दिसतं, तीन कोटींच्या वर गेली आहे. पण ती फायबरच्या इंटरनेटबरोबर आलेली आहे. कित्येक घरांत तिला यंत्रच जोडलेलं नसतं, आणि लाइट गेली की तीही जाते. ज्या फोनबद्दल मी लिहितेय तो हा नव्हे.

माझी थोरली बहीण आक्का वाईला मुलाकडे असते. २०२१ च्या मे महिन्यात तिचे ठाण्याचे मोठे दीर गेले. सकाळी आठला घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं. मुलगा बँकेत, नातू खोलीत अभ्यासाला. दोघांनीही वाचलं, हात जोडल्याचं चित्र पाठवलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं तिला सांगितलं असेल. संध्याकाळी माझ्याशी बोलताना ती म्हणाली, ‘भाऊजींना ऑक्सिजन लावलाय म्हणे, कसे आहेत गं?’ तिच्या लग्नात याच दिरानं तिला वाईच्या घाटावरून हात धरून आणलं होतं. मला तिला फोनवर सांगावं लागलं. चाळीस वर्षं मी अशा बातम्यांची लाइन जोडून दिली होती, स्वतःच्या तोंडानं सांगायची पाळी फारच थोड्या वेळा आली होती. नाना माणसाला आधी अवांतर बोलण्यात गुंतवत, ते मला तेव्हा आठवलं. आधी मी तिला बसायला सांगितलं, पाणी पिऊन घ्यायला सांगितलं, मग सांगितलं.

त्यानंतर मी भाच्याशी भांडून एक गोष्ट करून घेतली. साधा, मोठ्या बटणांचा एक फोन घेतला. तो कुणाच्या खिशात जायचा नाही, बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या फळीवर, चार्जरला लावलेला राहायचा. सगळ्या पाहुण्यांना कळवलं, हा घरचा नंबर. लग्नकार्य, बारसं, आजारपण, मयत, काहीही असलं तरी आधी इथं करा. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. भाच्याची तक्रार, सगळे फोन कंपन्यांचेच येतात. येऊ देत, म्हटलं. मीच रोज दुपारी तीनला करू लागले. मग पुण्याची भाची करू लागली, मग खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्या मुलाला तो नंबर देऊन गेल्या, कारण त्यांना स्वतःचा मोबाइल नीट ऐकू येत नाही. आता त्यांना बोलवायला आक्का जिन्यातून हाक मारते. पलीकडच्याला आधी ठेवायला सांगते, पाच मिनिटांनी परत कर म्हणते. हल्ली बोलायला मिनिटांचे पैसे पडत नाहीत, थांबला तरी चालतो, असं मी तिला दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणते, थांबलेलं माणूस घाईत बोलतं.

मी तिला एक वही नेऊन दिली आहे, चार रकाने आखून. चौथा तिला पुरत नाही, ती समासात लिहिते.